केगवरची ओली रेघ

बाटलीतली बिअर मोजता येते, केगमधली येत नाही. मी बाटल्या सोडून केगकडे वळलो ते एवढ्याच कारणासाठी. विचारणाऱ्या दोघा-चौघांना मी दुसरी कारणं सांगत आलो. चाळीस बाटल्या धुवायचा कंटाळा येतो, उन्हाळ्यात एखादी फुटते, तळाला गाळ बसतो. तीही खोटी नाहीत. पण माझी बायको बाटल्या मोजायची. बोलायची नाही काही, नुसती फळीपुढे उभी राहायची आणि तिचे ओठ हलायचे.

मी साखर कारखान्यात केमिस्ट आहे. चोवीस वर्षं रसाचं ब्रिक्स, म्हणजे त्यातली साखर, बघण्यात गेली. गोड पाणी, यीस्ट आणि त्यातून निघणारा बुडबुडा यांत माझ्यासारख्या माणसाला नवल काही नसतं. तरी कळंब्याच्या घरात, गच्चीवरच्या खोलीत, जवाचा माल्ट उकळून पहिली बिअर काढली तेव्हा मला दहावी पास झाल्यासारखा आनंद झाला होता. घरी बिअर काढायला कायद्यानं मोकळीक नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. ती चूक मी मान्य करतो. पण मला जी सांगायची आहे ती दुसरी.

दोन केग मी भंगारातून घेतले. कोल्ड्रिंकच्या मशीनला पूर्वी सरबताचा अर्क ज्यातून जायचा, ते स्टीलचे उभे डबे. एकोणीस लिटरचे, कमरेएवढे, वर झाकण आणि दोन तोंडं. एका तोंडातून सिलिंडरमधला, सोड्यात असतो तो, गॅस आत जातो, दुसऱ्यातून बिअर बाहेर येते. आंबवून झालेली बिअर त्यात भरायची, झाकण आवळायचं, थंड करायची आणि गॅसच्या दाबाखाली सोडून द्यायची. दहा-बारा दिवसांत गॅस पाण्यात मुरतो. मग महिनोन् महिने ती तशीच राहते, हवा लागत नाही, खराब होत नाही. आणि बाहेरून बघणाऱ्याला आत किती आहे, कुणी किती घेतली, काही कळत नाही.

केग घरात आले आणि तीन आठवड्यांत बायको पुण्याला गेली. मुलीचं बाळंतपण होतं. सव्वा महिन्यासाठी गेली ती तिकडेच रमली. आमचं भांडण झालं नाही. झालं असतं तर भांडण मिटवायला म्हणून तरी कुणी गेलं-आलं असतं. आधी ती दिवसाआड फोन करायची, मग रविवारी, मग नातवाचा फोटो येऊ लागला आणि फोन थांबला. ज्या डोळ्यांपासून लपवण्यासाठी मी एवढा खटाटोप केला, ते डोळेच घरात राहिले नाहीत. आणि केग गळत होते.

गळणारे केग मी आण्णाकडे नेले. आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, लेथवर हात बसलेला टर्नर. शिवाजी पेठेतल्या आमच्या जुन्या घरात तो आणि वहिनी राहायचे. त्यानं केग पायानं जरा ढकलून पाहिला.

“हे काय आणलंस, बारक्या? बंब?”

मला त्रेपन्नावं चालू आहे, पण पेठेत मी अजून बारक्याच आहे.

“केग म्हणतात ह्याला.”

“बंबच की. जाळ तेवढा न्हाय.” त्यानं झाकण उघडून वास घेतला. मान वर केली. “बिअर काढालाईस व्हय घरात?”

मी मान हलवली. त्यानं झाकण परत लावलं. मग म्हणाला, “मला चालत न्हाय, तुला म्हाईत हाय. पण रिंग बशिवतो नवी. रिंगंनं कुठं शप्पत घेतलीया?”

आणि स्वतःच हसला.

शपथेचं सांगायला हवं. आण्णा वीस वर्षं पीत होता. नंतर काविळीचं निमित्त झालं, पोट फुगलं, डॉक्टरांनी लिव्हर दाखवणारा कागद वहिनीच्या हातात दिला आणि सांगितलं, आता एक थेंबही नको. त्याच चैत्रात तो जोतिबाच्या डोंगरावर गेला आणि देवापुढे मुठीत गुलाल घेऊन बोलला की दारूला शिवणार नाही. सोबत त्याचा दोस्त होता. पेठेच्या फुटबॉल संघात हा दोस्त गोलकीपर होता आणि आण्णा बॅक, तेव्हापासून सगळे त्याला गोलकीपरच म्हणतात. आता त्याचं पंक्चरचं दुकान आहे. पिण्यातही दोघे जोडीनंच असायचे, म्हणून शपथही जोडीनं घेतली. चार वर्षं दोघांनी ती पाळली. दर चैत्रात दोघं डोंगरावर जायचे आणि गुलालानं लाल होऊन यायचे. वहिनी दारात दोघांच्या पायावर पाणी घालायची.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आण्णा झाकणाच्या रबरी रिंगा घेऊन कळंब्याला आला. त्यानं त्या बसवल्या, साबणाचा फेस करून प्रत्येक जोडावर लावला आणि वाकून, श्वास रोखून बघत बसला. कुठंही बुडबुडा आला नाही. त्याच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी बऱ्याच वर्षांनी पाहत होतो. मग मला घाई झाली. मी दाब तीस पौंडांवर नेला आणि केग फरशीवर आडवा टाकून मागं-पुढं लोळवायला लागलो. गॅस लवकर मुरावा म्हणून असं करतात.

“अरं, अरं! धुणं बडवालाईस का गॅस भरालाईस?” आण्णानं केग माझ्या हातातून काढून उभा केला. “आसला गॅस जिभेच्या शेंड्याला लागतोय आणि उडून जातोय. गॅस बसाय पायजे. टाळ्याला लागला तर खरा.”

त्याला ते माहीत होतं. लेथवर जाण्याआधी पोरवयात दोन वर्षं तो गोळी सोड्याच्या कारखान्यात होता. मालक त्याच्याकडून प्रत्येक घाण्याचा सोडा चाखून घ्यायचा म्हणे. बारा पौंडांवर ठेव, थंड राहू दे आणि हात लावू नको, असं सांगून तो उठला. पायात चपला घालायला लागला.

इथे मी जे केलं ते नीट सांगतो. दाब किती आणि थंडावा किती हे माहीत असलं की पाण्यात गॅस किती मुरेल ते तक्त्यात वाचता येतं. तो तक्ता माझ्या भिंतीवर लावलेला होता. मला कुणाच्या जिभेची गरज नव्हती. मला पुढच्या रविवारी घरात माणूस हवं होतं. आदल्या रविवारी सकाळी दूधवाल्याशी बोललेलं सोडलं तर दिवसभरात माझ्या तोंडून शब्द निघाला नव्हता. म्हणून मी म्हणालो, “आण्णा, पुढच्या आयतवारी येऊन चाखून बघ की. गिळू नको. नुसता गॅस बघ आणि थुक.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नळीकडे पाहिलं.

पुढच्या रविवारी तो आला. मी पेल्यात चार बोटं बिअर काढून दिली. त्यानं घोट तोंडात घेतला, गाल हलवले, डोळे मिटले आणि मोरीत थुंकला. मग दोनदा चूळ भरली. “लागंना अजून टाळ्याला. आठ दिस जाऊ दे.” मग आम्ही जेवलो. मी पांढरा रस्सा केला होता. तो दोन तास बसला. कुणाचं घर विकलं, कोणता संघ हरला, कुणाच्या पोरानं पंचाला मारलं, सगळं सांगितलं.

दुसऱ्या रविवारी तो थुंकला. तिसऱ्या रविवारी घोट जरा जास्त वेळ तोंडात राहिला, पण थुंकला.

चौथ्या रविवारी तो पेला घेऊन खिडकीशी गेला. तिथून तळ्याचा एक तुकडा दिसतो. माझ्याकडे त्याची पाठ होती. मी मोरीकडे पाहत होतो, कारण तो तिकडे येईल असं मला वाटत होतं. तो आला नाही. त्याच्या गळ्याचा आवाज मला ऐकू आला. मग त्यानं उरलेलंही घेतलं, पेला विसळला आणि ओट्यावर पालथा घातला.

“आत्ता बसला,” तो म्हणाला.

“बसला ना?” मी म्हणालो.

मी दुसरं काहीही म्हणालो नाही. त्या दिवशी आम्ही पत्ते खेळलो. फार चांगला गेला तो रविवार.

गळिताचा हंगाम सुरू झाला की माझी पाळी सकाळची असते. सहाला घर सोडतो, परत यायला चार वाजतात. घराची एक किल्ली मी आण्णाकडे ठेवली. घर बंद राहतं, झाडांना पाणी लागतं, असं काही कारण सांगितलं. आमच्याकडे झाडं दोन. एक कढीपत्ता, तो पाण्यावाचूनही जगतो, आणि दुसरी कोरफड.

केगमधली बिअर मोजता येत नाही असं मी वर म्हटलं, ते पूर्ण खरं नाही. थंड केग फ्रीजमधून बाहेर काढून ठेवला की हवेतली ओल त्याच्या अंगावर दव होऊन बसते. जिथवर आत बिअर आहे तिथवर स्टील गार राहतं आणि दव टिकतं. त्याच्या वर स्टील लवकर तापतं आणि कोरडं होतं. पाच-दहा मिनिटांत केगच्या अंगावर ओली रेघ उमटते. खाली ओलं, वर कोरडं. मी कामावरून आलो की चहा टाकायच्या आधी केग बाहेर काढायचो आणि रेघेची वाट बघायचो.

रेघ रोज उतरत होती. कधी दोन बोटं, कधी चार. ओट्यावर पालथा पेला असायचा, खाली पाण्याचं वर्तुळ. कढीपत्त्याची माती ओली असायची, म्हणजे पाणीही तो खरंच घालायचा.

मला राग यायला हवा होता, नाहीतर भीती वाटायला हवी होती. डॉक्टरांचा कागद मीही वाचला होता, लिव्हरचे आकडे मला वहिनीपेक्षा जास्त कळत होते. पण मी त्या रेघेकडे बघायचो आणि मला बरं वाटायचं. घरात कुणीतरी येऊन गेलं होतं. मी केलेली वस्तू कुणीतरी घेत होतं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ते तसंच होतं. आधी एक केग दीड महिना पुरायचा, माघात तो बारा दिवसांत संपायला लागला, आणि मी काय केलं? मी माल्टची मोठी गोणी मागवली. दोन्ही केग भरलेले राहतील असं बघितलं. एक संपत आला की दुसरा गॅसखाली तयार असायचा. रविवारी आम्ही समोरासमोर बसायचो तेव्हा त्याला एकच पेला भरायचो आणि तोही एकच घ्यायचा. आठवड्याच्या बाकीच्या दिवसांबद्दल दोघेही बोलायचो नाही. आमच्या घरात बोलायची पद्धत नव्हतीच कधी. वडीलही असेच, पानावर मीठ नसलं तरी मागायचे नाहीत.

चैत्रात आण्णा डोंगरावर गेला नाही.

गुडघा दुखतो म्हणाला. गोलकीपर त्याला न्यायला दारात आला, थांबला आणि एकटाच गेला. त्या दुपारी वहिनीनं मला बोलावून घेतलं. आण्णा आत झोपला होता. वहिनी हळू आवाजात बोलत होती, आणि ती हळू बोलणारी बाई नाही.

“भावजी, गुडघ्यानं कधी ऱ्हायलेत व्हय हे? ताप अंगात असताना चढलेत. देवापुढं जायला तोंड न्हाय म्हणून ऱ्हायलेत. पुन्हा सुरू झालंय. मला वास येतोय.”

मी दारातल्या आण्णाच्या चपलांकडे बघत राहिलो.

“तुमच्याकडं येतात सारखं. तुमच्यात पीत न्हाईत न्हवं?”

“न्हाय वहिनी.”

“माझ्याकडं बघून सांगा.”

मी तिच्याकडे बघितलं आणि म्हणालो, “आईची शप्पत. मशीन बघाय येतोय तो माझी.”

तिनं सुस्कारा सोडला. सुटल्यासारखं वाटलं तिला, ते मी बघितलं. “मग त्यो गोलकीपरच,” ती म्हणाली. “दुसरं कोण?”

मी त्यावरही काही बोललो नाही. खोटं बोलायला मला दोन शब्द लागले होते. हे दुसरं खोटं मी न बोलता केलं.

आषाढात एका शुक्रवारी आण्णाला रक्ताची उलटी झाली. नऊ दिवस तो दवाखान्यात होता. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून विचारलं, पुन्हा घेत होते का? किती, कधीपासून? वहिनी म्हणाली, साहेब, आम्हाला नक्की काही माहीत नाही. मला माहीत होतं. मला लिटरमध्ये माहीत होतं. मी भिंतीवरचा हात धुण्याचा तक्ता वाचत उभा राहिलो. मी तेव्हा बोललो असतो तर काही फरक पडला असता का, हे मी डॉक्टरांना अजूनही विचारलेलं नाही.

तेराव्याला गोलकीपर आला. डोकं भादरलेलं, जणू त्याचाच भाऊ गेला होता. पंगत बसली होती. तो उंबऱ्याच्या आत पाय टाकणार तेवढ्यात वहिनी पुढे झाली.

“थांबा तिथंच. दोघांनी मुठीत गुलाल घेऊन शप्पत घेतलीसा. आणि तुम्हीच त्यास्नी परत बाटलीला लावलंसा. आत येऊ नका माझ्या.”

सगळी पंगत थांबली. गोलकीपरच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“वहिनी, मी न्हाय,” तो म्हणाला. “देवाशप्पत मी न्हाय. मी सोत्ता बी घेत न्हाय.”

“तोंड हाय का तुम्हाला देवाचं नाव घ्यायला?”

पंगतीतलं कुणीतरी हसल्यासारखं केलं. पिणाऱ्या माणसाची शपथ म्हणजे काय, असं. तो वळला आणि गेला. माझ्या हातात आमटीची बादली होती. मी पुढच्या पानावर आमटी वाढली, मग त्याच्या पुढच्या.

त्यानंतर पेठेत असं झालं की गोलकीपर पुन्हा प्यायला लागलाय हे सगळ्यांना ठाऊकच होतं. संघाच्या लहान पोरांना तो पहाटे गोलकीपिंग शिकवायचा, ते पोरांच्या बापांनी बंद केलं. तो तक्रार न करता पंक्चर काढत राहिला.

आण्णा दवाखान्यात गेला त्या आठवड्यात एक केग चालू होता. मंगळवारी तो शेवटचा आला असावा. बुधवारी मी रेघ पाहिली होती, बरोबर मध्यावर. त्यानंतर मी त्या केगला हात लावला नाही. ओतूनही दिलं नाही, प्यायलोही नाही. दुसरा केग धुऊन पालथा घातला आणि त्यानंतर बिअर काढली नाही. पण हा अर्धा केग वर्षभर फ्रीजमध्ये बारा पौंडांवर उभा आहे. महिन्याला एकदा मी सिलिंडरचा काटा बघतो. काटा हललेला नसतो. आण्णानं बसवलेली रिंग गळत नाही.

यंदा आषाढात वर्षश्राद्ध आलं. आठ दिवस आधी वहिनीनं मला यादी सांगायला बोलावलं. आचारी, भटजी, पाहुणे. शेवटी म्हणाली, “आणि तुम्ही पंक्चरच्या दुकानात जाऊन त्याला सांगून या. आयतवारी दारात येऊ नको म्हणावं. उगंच चारचौघांत परत तमाशा नको.”

“बरं,” म्हणालो मी. आणि गेलो.

गोलकीपरनं मला पाहिलं आणि काही न विचारता हवेची नळी घेऊन माझ्या स्कूटरच्या पुढच्या चाकाशी बसला. “ह्यात हवा कधी मारलीस? चाक हाय का धपाटं?” हवा भरता भरता, मान वर न करता तो म्हणाला, “वर्षश्राद्ध हाय न्हवं आयतवारी? मी येत न्हाय. सांग वहिनीस्नी. त्यास्नी तरास नको. मी सकाळी डोंगरावर जाऊन येतो तेवढंच.”

जे सांगायला मी आलो होतो ते त्यानंच माझ्या हातून काढून घेतलं होतं. त्यानं मागच्या चाकातही हवा भरली. टायरवर दोन थापा मारल्या.

“जा, बारक्या.”

मी गेलो. पेठेच्या पहिल्या वळणावर स्कूटर थांबवली आणि बराच वेळ तशीच चालू ठेवून बसलो. मग कळंब्याकडे न जाता परत वहिनीकडे गेलो.

ती श्राद्धाचे तांदूळ निवडत होती. मी समोर जमिनीवर बसलो आणि सांगितलं. रविवार, मोरी, किल्ली, रेघ, आईची शपथ. सगळं मिळून फार वेळ लागला नाही. वर्षभर मला वाटत होतं की हे सांगायला तास लागेल. वहिनीची बोटं तांदळात फिरत होती, एक खडा काढून तिनं बाजूला ठेवला, मग बोटं थांबली.

“कुठं हाय ते मशीन?”

“घरात हाय.”

“दाखवा मला.”

ती माझ्या स्कूटरवर बसली नाही. रिक्षानं आली. मी आधी पोचून फाटकाशी उभा राहिलो. ती माझ्याजवळून आत गेली, जिना चढली. मी फ्रीज उघडला, केग बाहेर काढून फरशीवर ठेवला. बाहेर बारीक पाऊस होता, हवा इतकी ओली की बघता बघता केग घामेजला. मग वरचा भाग सुकत गेला आणि रेघ आली.

“ही कसली रेघ?”

“बिअर हितवर हाय आत.”

“आणि त्याच्या वरची?”

“आण्णानं घेतली.”

तिनं वाकून रेघेवर बोट ठेवलं आणि केगभोवती फिरवत नेलं, अर्ध्यापर्यंत. बोट ओलं झालं ते पदराला पुसलं.

“पहिल्यांदा थुकायचे म्हणालासा.”

“व्हय.”

“किती दिस?”

“तीन आयतवार.”

“तीन,” ती म्हणाली. तिनं मोरीकडे बघितलं. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, एक तांब्या होता. “तीन आयतवार त्यांनी पाळली. समोर असताना. आणि चवथ्याला गिळलं तवा तुम्ही काय म्हणालासा त्यास्नी?”

“काय न्हाय.”

“एक शबूद बोलायचा होता, भावजी. एकच.”

माझे डोळे भरून आले असावेत, कारण ती म्हणाली, “माझ्याम्होरं रडू नका. मी काय करू त्याचं? ज्याच्या तोंडाला काळं फासलंसा त्याला जाऊन सांगा. आणि म्हणावं, आयतवारी वहिनीनं जेवायला बोलावलंय.”

केग रिकामा करावा म्हणून मी झाकणावरच्या दाब सोडायच्या कडीला हात घातला. आण्णाचं काही मागं ठेवायला नको, असं काहीसं मला वाटलं असावं.

“नको,” वहिनी म्हणाली. “ऱ्हाऊ द्या तसंच. बघत बसा.”

रिक्षा थांबवून ठेवलेली होती. ती गेली.

मी पुन्हा दुकानात पोचलो तेव्हा पाच वाजले होते. गर्दी होती. दुधाच्या किटल्या लावलेली एक मोटारसायकल आडवी उभी होती, तिचा मालक दगडावर बसला होता. कॉलेजची एक मुलगी स्कूटी घेऊन थांबली होती. संघातले दोन जुने खेळाडू, आता पोटं सुटलेले, बाकावर चहा पीत होते. त्यांतला एक तेराव्याच्या पंगतीत होता. कंप्रेसर धडधडत होता. गोलकीपर पाण्याच्या टबात ट्यूब दाबून बुडबुडा शोधत होता.

मी त्याच्याजवळ उकिडवा बसलो आणि म्हणालो, “आण्णाला मी पाजली.”

त्यानं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. त्याला ऐकू गेलं होतं. त्याचे हात पाण्यात थांबले त्यावरूनच मला कळलं. कंप्रेसरचं बटण त्याच्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर होतं.

“मोठ्यानं बोल की मर्दा,” तो म्हणाला. “कंप्रेसर चालू हाय.”

मी उभा राहिलो. जन्मात कधी मी त्या पेठेत आवाज चढवून बोललो नव्हतो. बाकावरच्या दोघांनी चहाचे पेले खाली केले.

“आण्णाला मी पाजली!” मी म्हणालो. “माझ्या घरात! मी काढलेली बिअर! वर्षभर मला म्हाईत होतं! हा त्यात न्हवता! वहिनीला मी खोटं सांगितलं! तेराव्याला मी गप बसलो!”

मधेच कधीतरी टाकी भरली आणि कंप्रेसर आपोआप बंद पडला. माझा आवाज तेवढाच मोठा राहिला. शेवटचं वाक्य रस्त्याच्या पलीकडच्या किराणा दुकानापर्यंत गेलं असणार, कारण तिथला माणूस बाहेर येऊन उभा राहिला.

दूधवाला उठला आणि उगाच आपल्या किटलीचं झाकण दाबून परत बसला. गोलकीपरनं ट्यूब पाण्यात पुन्हा फिरवायला घेतली, हळूहळू, वीतभर वीतभर. एका जागी बारीक बुडबुड्यांची माळ वर आली. त्यानं तिथं बोट ठेवलं.

“वहिनीनं आयतवारी जेवायला बोलावलंय तुम्हाला,” मी म्हणालो. आता हळू बोललं तरी चालत होतं.

“किती वाजता?”

“बाराला.”

त्यानं ट्यूब पुसली, छिद्राभोवती खडूनं गोल केला. बराच वेळ घासत राहिला.

“आणि तू?” त्यानं विचारलं.

“मला अजून बोलावलेलं न्हाय,” मी म्हणालो.

त्यानं छिद्रावर ठिगळ दाबलं. मी स्कूटर काढली. दोन्ही चाकांत हवा भरपूर होती.